डोकं भिंतीचं, कंबर माझी

पडदेवाल्यांच्या हातून त्या संध्याकाळी एवढंच झालं. व्याह्यांच्या दिवाणखान्यात चहा पिताना व्याह्यांनी सहज विचारलं, "गोल्फ खेळता का?" आणि 'नाही' हा दोन अक्षरांचा सुटसुटीत शब्द तोंडाशी तयार असताना पडदेवाले म्हणाले, "अधूनमधून."

असं ते का म्हणाले, हे समजून घ्यायला हवं. पडदेवाले मुळात खोटं बोलणारे नव्हेत. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचं पडद्यांचं दुकान. कुणाच्याही घरी गेले की त्यांची नजर आधी खिडक्यांकडे जायची आणि मग माणसांकडे. लेकीचं लग्न ठरलं, तेही तिनंच ठरवलं, मुलगा गुणी होता, सगळं झकास होतं. फक्त मुलाचे वडील मोठ्या हॉस्पिटलातले भूलतज्ज्ञ होते. (ते इतक्या हळू आणि मऊ आवाजात बोलत की लोक म्हणायचे, डॉक्टर इंजेक्शन उगाचच देतात.) त्या मऊ आवाजात त्यांनी तासभर परदेशातल्या परिषदांबद्दल सांगितलं, मुलाच्या पदव्यांबद्दल सांगितलं, आणि पडदेवाल्यांना मध्ये कुठेही घुसायला जागा मिळेना. बरं, पडद्यांवर बोलावं, तर त्या घराला एकही पडदा नव्हता! सगळ्या भिंती काचेच्या आणि त्यांवर रिमोटनं वरखाली होणाऱ्या पट्ट्या. अशा घरात पडदेवाल्यानं बोलायचं तरी काय? हातातल्या इवल्याशा चहाच्या कपासारखेच आपणही या घरात जरा लहान पडतोय असं वाटत असतानाच गोल्फचा प्रश्न आला आणि माणूस घसरला.

"अरे वा!" व्याही म्हणाले. "मग महिन्याअखेरीस एकदा जाऊच आपण दोघं."

घरी परतताना गाडीत बायकोनं आधी सीटबेल्ट लावला. मग म्हणाली, "अहो, अधून म्हणजे कधी आणि मधून म्हणजे कुठून?"

"म्हणजे... बघतो ना मी टीव्हीवर."

"तुम्ही चॅनल बदलताना ते एकदा मध्ये लागलं होतं. त्याला खेळणं म्हणतात होय?"

मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "बाबा, आत्ता फोन करा आणि खरं सांगून टाका. ते हसतील आणि विसरतील."

"हसतील ना? तेच नकोय मला," पडदेवाले म्हणाले. "हल्ली सगळं मोबाइलवर शिकता येतं. महिना काही कमी नाही."

मोबाइलवर खरोखरच सगळं होतं. त्यांनी शोधायला घेतलं आणि पहिल्याच फटक्यात त्यांना कोच सापडला. पांढरी टोपी, तुकतुकीत गाल, आणि शिष्य कितीही ढ असला तरी निराश होणार नाही असं हसू. कोचचं म्हणणं असं की मैदानावर जायची घाईच करू नका. चेंडू ही शेवटची गोष्ट आहे. आधी अंगाला वळण लावा. त्यासाठी घरच्या घरी करायचे व्यायाम त्यानं सांगितले होते आणि प्रत्येक व्यायामाचा वेगळा व्हिडिओ होता.

दोन्ही काखांमध्ये टॉवेल दाबून धरायचा, म्हणजे कोपरं अंगाबाहेर जात नाहीत. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, म्हणजे तोल सुधारतो. दिवसातून काही वेळ सगळ्या हालचाली पाण्याखाली असल्यासारख्या संथ करायच्या, म्हणजे लय येते. आणि सगळ्यात महत्त्वाचा व्यायाम भिंतीचा. हात छातीशी घडी घालून कपाळ भिंतीला टेकवायचं आणि डोकं तसूभरही न हलवता कंबर डावी-उजवीकडे फिरवायची. "डोकं विसरा," कोच सांगायचा. "डोकं तुमचं नाहीच. डोकं भिंतीचं. कंबर तेवढी तुमची." हे मोठ्यानं म्हणत राहायचं, म्हणजे अंगात मुरतं.

पडदेवाल्यांनी हे सगळं मनावर घेतलं. आयुष्यात त्यांनी पडद्यांच्या चुण्यांखेरीज काही इतकं मनावर घेतलं नव्हतं. सकाळी वॉशबेसिनसमोर ते एका पायावर उभे राहिले की बायकोला आंघोळीला जायला वाटच उरत नसे. स्टिकऐवजी त्यांनी दुकानातला पडद्याचा एक छोटा रॉड घरी आणला होता. तिसऱ्याच दिवशी त्या रॉडनं कोपऱ्यातला उभा दिवा आडवा केला. बायकोनं काचा गोळा केल्या आणि एवढंच विचारलं, "चेंडू नसताना ही गत. चेंडू आल्यावर आपण कुठे राहायला जायचं?"

सराव मग दुकानातही शिरला. काखेत टॉवेल धरून ते गिऱ्हाइकाशी बोलायचे. कोपरं अंगाला चिकटलेली असल्यानं त्यांचे हात नुसते मनगटापासून हलायचे. एकदा एक बाई म्हणाल्या, "तो वरचा निळा कपडा दाखवता?" त्या वेळी नेमका संथ हालचालींचा तास चालू होता. कपडा खाली येईपर्यंत बाईंचा विचार बदलला आणि त्या रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेल्या. दुकानातला शिंपी जुना माणूस. तो मशीनवरून मान वर न करता म्हणाला, "शेठ, दुखत असेल तर घरी जा. मी बघतो दुकान."

पण खरा घोळ घातला तो भिंतीच्या व्यायामानं.

झालं असं, की नव्या जोडप्याच्या फ्लॅटला पडदे आपल्याकडून, असं पडदेवाल्यांनी कबूल केलं होतं, आणि कापड पसंत करायला एखाद्या दुपारी घरी या, असं विहीणबाईंना तोंडभरून सांगितलंही होतं. ते सांगून ते विसरून गेले. विहीणबाई विसरल्या नाहीत. त्या आल्या तेव्हा बायको आणि लेक खरेदीला बाहेर पडल्या होत्या. घराचं दार सताड उघडं होतं, कारण रॉड पूर्ण मागे नेला तर दाराला आपटायचा, म्हणून पडदेवाले ते उघडंच ठेवत. मात्र त्या क्षणी रॉड सोफ्याखाली होता आणि पडदेवाले भिंतीशी होते. दोन्ही काखांमध्ये टॉवेल. कपाळ भिंतीला टेकलेलं. कंबर डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. कानात मोबाइलची बोंडं. आणि तोंडानं चालू होतं, "डोकं भिंतीचं... कंबर माझी... डोकं भिंतीचं... कंबर माझी..."

विहीणबाईंनी उंबऱ्यातून दोनदा हाक मारली. मग त्या जपून आत आल्या आणि त्यांनी पडदेवाल्यांच्या खांद्याला बोट लावलं. पडदेवाले वळले ते पाण्याखाली असल्यासारखे, अगदी सावकाश, आणि तसंच सावकाश हसले.

"बरं नाही का वाटत?" विहीणबाईंनी विचारलं.

"छे छे, उत्तम!" पडदेवाले कानातली बोंडं काढत म्हणाले. त्यांना मनातून आनंदच झाला होता. गोल्फवाल्या घरातली बाई, तिनं एका नजरेत ओळखलं असणार. "रोजचं आहे हे. सकाळ-संध्याकाळ."

"कधीपासून?"

"त्या दिवशी तुमच्याकडून घरी आलो ना, तेव्हापासूनच सुरू झालं."

विहीणबाईंनी हातातली पर्स घट्ट धरली. "घरात माहीत आहे?"

"आहे तर! पण हिला सहन होत नाही. लेक तर तोंड फिरवते. त्यांना वाटतं, माझं वय नाही राहिलं आता. पण कोच म्हणतो..."

"कोण म्हणतो?"

"असतो एक. कानात." पडदेवाल्यांना एकदम आठवलं की आपण 'अधूनमधून' खेळणारे आहोत. आत्ता कुठे शिकतोय हे व्याह्यांना कळलं तर सगळं मुसळ केरात. ते घाईनं म्हणाले, "एक करा, डॉक्टरांना मात्र यातलं काही सांगू नका हं."

"नाही सांगणार," विहीणबाई म्हणाल्या. मग "पडद्यांचं नंतर बघू" असं पुटपुटत त्या दारापर्यंत पाठ न दाखवता गेल्या, जिना उतरल्या आणि गाडीत बसायच्या आधीच त्यांनी डॉक्टरांना फोन लावला.

त्या घरात त्या संध्याकाळी काय काय बोलणं झालं, ते पुढे जावयानंच सांगितलं. विहीणबाईंचं म्हणणं होतं की लग्न थोडं पुढे ढकलावं. मुलगा म्हणाला, एक दिवससुद्धा ढकलायचं नाही, तिचे वडील भिंतीशी बोलोत नाहीतर छताशी. आणि डॉक्टर म्हणाले, कुणीही आरडाओरडा करू नका, मी आधी माहिती काढतो. दुसऱ्या दिवशी पडदेवाले दुकानात असताना त्यांनी घरी फोन केला. बायकोनं उचलला.

"वहिनी," मऊ आवाज म्हणाला, "मला सगळं समजलंय."

बायकोच्या जिवावरचा धोंडाच उतरला. नवऱ्याला गोल्फमधलं ओ की ठो येत नाही, हे बिंग एकदाचं फुटलं होतं. "बरं झालं बाई! मला तर हे लपवून ठेवणं नको झालं होतं."

"तुमची अवस्था मी समजू शकतो. त्यांच्या वडिलांना होतं का असं काही?"

"सासऱ्यांना? नाही हो. ते अगदी सरळ माणूस. खानदानात यांनाच पहिल्यांदा."

"वाढत चाललंय का?"

"वाढत म्हणजे काय! आता दुकानातही सुरू केलंय. गिऱ्हाइकं पळतात."

पलीकडे पेन खरडल्याचा आवाज आला. "मोडतोड वगैरे?"

"दिवा फोडला. कुंडी थोडक्यात वाचली."

"तुमच्या अंगावर कधी...?"

"मी लांबच असते. सुरू झालं की स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेते."

"योग्य करता," डॉक्टर म्हणाले. "तुम्ही अजिबात घाबरू नका. या रविवारी मी त्यांना गोल्फला नेतो. मोकळ्या हवेत माणूस नीट बोलतो. माझे दोन मित्रही असतील. फक्त मला कळलंय हे त्यांना कळू देऊ नका."

बायकोनं फोन ठेवला आणि किती समजूतदार व्याही मिळालेत म्हणून तिचे डोळे पाणावले. डॉक्टरांचे ते दोन मित्र म्हणजे एक मेंदूचे डॉक्टर आणि एक मनाचे, हे तिला माहीत नव्हतं. पडदेवाल्यांना तर काहीच माहीत नव्हतं. महिनाअखेर एकदम रविवारवर आली म्हटल्यावर त्यांचं धाबं दणाणलं आणि शनिवारी त्यांनी दुकान बंद ठेवून कोचचे सगळे व्हिडिओ पुन्हा एकदा बघितले.

रविवारी सकाळी मैदानावर पोचले तेव्हा तिघंजण त्यांची वाट बघत होते. व्याह्यांनी ओळख करून दिली. "हे माझे मित्र. आमची एक पद्धत आहे, खेळायच्या आधी हे सगळ्यांचं अंग जरा मोकळं करून घेतात."

मेंदूचे डॉक्टर टकलू आणि आनंदी होते. मनाचे डॉक्टर लुकडे होते आणि कुणी काहीही बोललं तरी "हं... आणखी?" म्हणत.

"या पांढऱ्या पट्ट्यावरून चालून दाखवता? टाचेला चवडा लावत," टकलू डॉक्टरांनी पार्किंगकडे बोट दाखवलं.

पडदेवाल्यांनी मनोमन कोचचे आभार मानले. एवढंच? ते पट्ट्यावरून गेले, आणि आपली तयारी दिसावी म्हणून परतताना एका पायावर लंगडी घालत आले.

टकलू डॉक्टरांनी खिशातल्या वहीत काहीतरी टिपलं. "आता बोट नाकाला लावा."

"वेगात की लयीत?"

"तुमचं तुम्ही."

पडदेवाल्यांनी लयीत लावलं. बोट नाकापर्यंत पोचायला इतका वेळ लागला की मधल्या मध्ये मनाच्या डॉक्टरांनी शिंकून घेतलं, रुमाल काढला, घडी घालून परत ठेवला.

"छान. आता डोकं न हलवता नुसत्या डोळ्यांनी माझ्या पेनाकडे बघा."

"डोकं न हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही," पडदेवाले अभिमानानं म्हणाले. "डोकं माझं नाहीच मुळी."

तिन्ही डॉक्टरांनी एकमेकांकडे पाहिलं.

"शंभरातून सात वजा करत जा बरं."

"फुटात की मीटरमध्ये?"

मग मैदानाच्या कडेकडेनं चालताना मनाचे डॉक्टर त्यांच्या जवळ सरकले. "कधी आवाज वगैरे ऐकू येतात?"

इथे पडदेवाले जरा घुटमळले. कोचचं गुपित फोडावं की नाही? पण माणूस इतका आपुलकीनं विचारत होता, आणि व्याही पुढे गेले होते. ते हळूच म्हणाले, "तुम्हाला म्हणून सांगतो. येतो. एकाचाच."

"हं... आणखी? काय सांगतो?"

"डावा खांदा हनुवटीखाली आण. गुडघा वाकव. घाई करू नकोस."

"त्याचं ऐकलं नाही तर?"

"सगळं बिघडतं. परवा नाही ऐकलं, तर घरातला दिवा फुटला."

"तो फक्त तुमच्याशीच बोलतो?"

"छे! चार लाख लोकांशी बोलतो."

"असं तुम्हाला वाटतं."

"वाटतं कशाला? खाली आकडा दिसतो की."

मनाच्या डॉक्टरांनी खोल श्वास घेतला. "आत्ता बोलतोय का?"

"आत्ता कसा बोलेल?" पडदेवाले म्हणाले. "इथे रेंज नाही."

एवढ्यात सुरुवातीची जागा आली. व्याह्यांनी छोट्या खुंटीवर चेंडू ठेवला आणि स्वतःची एक स्टिक पडदेवाल्यांच्या हाती दिली. "सावकाश. नाही जमलं तरी काही हरकत नाही," ते इतक्या मायेनं म्हणाले की पडदेवाल्यांना गलबलून आलं.

ते चेंडूसमोर उभे राहिले. आणि इतके दिवस एकेक करून शिकलेलं सगळं एकाच वेळी अंगात जागं झालं. कोपरं बरगड्यांना जाऊन चिकटली. डोकं न हलवायचं म्हणून त्यांनी डोळे घट्ट मिटले. (असं कोचनं सांगितलं नव्हतं, हे त्यांच्याच पदरचं.) डाव्या पायाला तोलाचा धडा आठवला आणि तो वर उचलला गेला. हात पाण्याखालच्या संथपणानं मागे निघाले, कंबर मात्र भिंतीच्या वेगानं फिरत होती. ओठ हलत होते. मग सगळं एकदम सुटलं. खांदे एका दिशेला गेले, गुडघे दुसऱ्या, अंगातून डोक्यापासून पायापर्यंत एक लाट सळसळत गेली, स्टिक गवतात रुतली आणि पडदेवाले तिच्याभोवती एक पूर्ण चक्कर मारून तिला धरून उभे राहिले, थरथरत. चेंडूला वारा लागला असावा. तो खुंटीवरून खाली पडला.

टकलू डॉक्टर घड्याळाकडे बघत होते. त्यांनी पुढे होऊन पडदेवाल्यांचं मनगट हातात घेतलं. "आता कसं वाटतंय?"

"फार मोकळं वाटतंय," पडदेवाले खरं तेच बोलले.

"चला, बसू जरा," व्याही म्हणाले.

मैदानाच्या कॅन्टीनमध्ये चौघं बसले. चहा आला. आणि व्याह्यांनी त्यांच्या सगळ्यात मऊ आवाजात सुरुवात केली, की हल्ली औषधं फार चांगली निघाली आहेत, यात लाजण्यासारखं काही नाही, आणि या दोघा मित्रांनी याहून अवघड माणसं बरी केली आहेत. एक मेंदूचे आहेत, एक मनाचे. पडदेवाल्यांना प्रथम वाटलं, गोल्फसाठीही आता औषध निघालं. मग व्याही भिंतीबद्दल बोलले. मग विहीणबाईंबद्दल, आणि लग्न पुढे ढकलायचं की काय, याबद्दल.

पडदेवाल्यांनी कप बशीत ठेवला. लेकीचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, गाडीत मागच्या सीटवरून "खरं सांगून टाका" म्हणणारा. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. कॅन्टीनमध्ये रेंज होती. टेबलाच्या मधोमध मोबाइल उभा करून त्यांनी व्हिडिओ लावला. पांढरी टोपी घातलेला एक तुकतुकीत माणूस भिंतीला कपाळ टेकवून, काखेत टॉवेल धरून कंबर हलवत होता आणि जगातल्या चार लाख लोकांना डोकं विसरायला सांगत होता.

"डॉक्टर," पडदेवाले म्हणाले, "मी गोल्फ खेळत नाही. जन्मात स्टिक हातात धरली नव्हती. त्या दिवशी तुमच्या घरी मला फार लहान वाटायला लागलं, म्हणून तोंडून निघून गेलं. माझ्या डोक्यात बिघाड नाही, नुसती हौस शिरली होती. शिक्षा करायची तर मला करा. पोरीचं लग्न मोडू नका."

व्याही बराच वेळ व्हिडिओ बघत राहिले. मग त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मऊ नव्हे, चांगला खणखणीत. ते हसत होते. त्यांचा तो आवाज त्यांच्या मित्रांनीही कधी ऐकला नव्हता. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

"अहो, मोडणार कोण होतं?" डोळे पुसत ते म्हणाले. "मुलगा ऐकतोय होय! आम्ही फक्त लग्नाआधी तुम्हाला बरं करणार होतो." त्यांनी तिथूनच विहीणबाईंना फोन लावला, मग पडदेवाल्यांच्या घरी. त्या फोनवर बायको काय म्हणाली ते पडदेवाल्यांना ऐकू आलं नाही, पण व्याह्यांनी मोबाइल कानापासून लांब धरला होता. मग सामोसे मागवले. "आणि लहान वगैरे मनात आणू नका," व्याही म्हणाले. "त्या काचांच्या घरात सकाळी पाचपासून डोळ्यांवर ऊन येतं. बायकोनं हौसेनं पट्ट्या लावल्या, त्या अर्ध्यावरच अडकतात. मी रोज डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपतो. तुम्ही एकदा येऊन खिडक्यांची मापं घ्याच."

पडदेवाल्यांची छाती कितीतरी दिवसांनी फुगली. मनाचे डॉक्टर "हं" म्हणाले आणि या वेळी पुढे "आणखी?" म्हणाले नाहीत. लग्न ठरलेल्या दिवशीच होणार होतं, डोकं शाबूत होतं, व्याही आपल्यासारखाच माणूस निघाला होता. अशा वेळी माणसानं खावं आणि गप्प बसावं. पण दुसरा सामोसा संपता संपता पडदेवाल्यांना राहवलं नाही. इतके दिवस घाम गाळला होता, जाणकार समोर बसले होते.

"एक विचारू?" ते टकलू डॉक्टरांकडे वळून म्हणाले. "खरं सांगायचं हं, भीड नको. नवशिक्याच्या मानानं माझा स्विंग कसा वाटला?"

"कुठला स्विंग?"

"मघाशी नाही का मारला? तिथे, खुंटीपाशी."

टकलू डॉक्टरांनी हातातला सामोसा खाली ठेवला. एकदा व्याह्यांकडे पाहिलं, एकदा मनाच्या डॉक्टरांकडे.

"तो स्विंग होता?" ते म्हणाले. "मी फिट आली समजून घड्याळ लावलं होतं. त्याच्यासाठीच तर तुम्हाला उद्या स्कॅनला बोलावणार होतो."

पडदेवाले कसनुसं हसले. "मग आता नको ना यायला?"

टकलू डॉक्टरांनी सामोसा पुन्हा उचलला.

"नाही," ते म्हणाले, "तरीही याच."